माहेरच्या पांच निवडणुका

स्त्रियांनीं राजकारणांत पडावें किंवा नाहीं, हा वाद आमच्या घरांतून आतां फारसा कोणी घालीत नाहीं. त्याचा निकाल लागला असें नव्हे. त्याचा कंटाळा आला, इतकेंच. परंतु तोच प्रश्न थोड्या निराळ्या शब्दांत विचारून पहावा. 'आपल्या घरच्या मुलीनें निवडणुकीस उभें रहावें काय?' असें म्हणतांच माजघरापासून ओसरीपर्यंत सर्वांची पंचाईत होते. देशाच्या लेकींविषयीं आपलें जें मत असतें, तें घरच्या लेकीविषयीं असतेंच असें नाहीं. म्हणून ह्या महिन्यांत आम्ही अशा एका बाईंचें चरित्र वाचकांपुढें ठेवीत आहों, ज्या आमच्या मेहरूणच्या शेजारीं जळगांवांत शिकल्या, तेथल्याच कोर्टांत वकिली करूं लागल्या, आणि वयाच्या २७ व्या वर्षीं ज्यांना जळगांवानें मुंबईच्या विधानसभेंत पाठविलें.

प्रतिभाताई पाटील हें नांव निघालें कीं सर्वांस राष्ट्रपति भवन आठवतें. भारताच्या पहिल्या स्त्री-राष्ट्रपति हा मान त्यांच्याकडे गेला, तो कायमचा. पण त्या पांच वर्षांनीं त्यांच्या आयुष्यांतलीं आधींचीं तेवीस वर्षें झांकून टाकलीं आहेत, असें आम्हांस वाटतें. १९६२ पासून १९८५ पर्यंत त्या महाराष्ट्राच्या विधानसभेंत होत्या. खरें कर्तृत्व कोठें असेल तर तें तेथें आहे, आणि खरी खंत वाटावी असें जें घडलें तेंहि तेथेंच घडलें. दिल्लीची कथा सर्वांस ठाऊक आहे. मुंबईची कथा आमच्या मेहरूणांतहि फार थोड्यांस ठाऊक असेल. मेहरूणचें तळें आणि मेहरूणचीं बोरें ह्यांची कीर्ति आम्ही परगांवच्या पाहुण्यांस न विसरतां सांगतों; ही गोष्ट मात्र सांगावयाची राहून जाते.

प्रतिभाताईंचा जन्म १९ डिसेंबर १९३४ रोजीं नाडगांव येथें झाला. हें गांव आज बोदवड तालुक्यांत मोडतें. त्या काळीं जिल्ह्याचें नांव पूर्व खानदेश असें होतें. त्या दोन वर्षांच्या असतांना, डिसेंबर १९३६ मध्यें, ह्याच जिल्ह्यांतील फैजपूर येथें पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखालीं काँग्रेसचें अधिवेशन भरलें. खेड्यांत भरलेलें तें पहिलें अधिवेशन. राजकारण म्हणजे पुण्यामुंबईच्या लोकांचा उद्योग, ही समजूत खानदेशांत ह्या अधिवेशनानें मोडली. पुढें बेचाळीसच्या चळवळींत लीलाताई पाटील यांच्यासारख्या स्त्रियांनीं तर प्रत्यक्ष जिवावरचीं कामें केलीं. सांगावयाचें तें हें कीं प्रतिभाताई ज्या भूमींत वाढल्या, ती स्त्रीच्या सार्वजनिक कार्याला अगदींच अनोळखी नव्हती.

तरीहि मुलीनें शिकावें कोठें, हा प्रश्न उरतोच. येथें जळगांवच्या मूळजी जेठा कॉलेजाचें ऋण मान्य केलें पाहिजे. कॉलेज पुण्यास किंवा मुंबईस असलें कीं मुलगा धाडला जातो व मुलगी घरीं रहाते, हा अनुभव एका पिढीचा नव्हे. कॉलेज घराजवळ आलें आणि खानदेशच्या मुलींची अडचण निम्म्यानें कमी झाली. प्रतिभाताई आर. आर. विद्यालयांतून ह्या कॉलेजांत आल्या व राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र घेऊन एम्. ए. झाल्या. टेबल टेनिसच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत त्या चमकल्या. पुढें मुंबईच्या गव्हर्न्मेंट लॉ कॉलेजांतून कायद्याची पदवी घेऊन त्या जळगांवच्या जिल्हा न्यायालयांत वकिली करूं लागल्या. जळगांवजवळच्या आसोद्यांत १८८० सालीं जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. १९५१ च्या डिसेंबरांत त्या वारल्या. त्यानंतर पुरतीं अकरा वर्षेंहि झालीं नव्हतीं, तोंच त्याच परिसरांतली एक वकील मुलगी आमदार झाली. दोन्ही गोष्टी एकाच मातींतल्या आहेत, हें आम्हांस अजूनहि नवल वाटतें.

१९६२ ची ही निवडणूक जरा थांबून पहावी अशी आहे. स्त्रिया कायदेमंडळांत शिरल्या त्या पुष्कळदां घरच्याच दरवाजानें. इंग्लंडच्या कॉमन्स सभेंत बसलेल्या पहिल्या स्त्री-सभासद लेडी नॅन्सी ॲस्टर ह्या १ डिसेंबर १९१९ रोजीं आपल्या जागेवर बसल्या. ती जागा त्यांच्या यजमानांची होती. वडिलांच्या मृत्यूमुळें सरदारकी यजमानांकडे आली, त्यांना लॉर्डांच्या सभेंत जावें लागलें, आणि प्लिमथची रिकामी झालेली जागा बाईंनीं लढविली. आपल्याकडे गोव्यांत शशिकलाताई काकोडकर १९७३ सालीं मुख्यमंत्री झाल्या, त्या आपले वडील भाऊसाहेब बांदोडकर यांच्या निधनानंतर. ह्यांत दोघींच्याहि कर्तृत्वास कमीपणा नाहीं. ॲस्टरबाई पुढें सुमारें पंचवीस वर्षें त्या सभेंत टिकल्या, त्या कांहीं यजमानांच्या नांवावर नव्हे. परंतु दरवाजा कोणी उघडला हें विसरतां येत नाहीं. प्रतिभाताईंची गोष्ट निराळी. १९६२ सालीं त्या अविवाहित होत्या. घरची कोणतीहि जागा त्यांच्यासाठीं रिकामी झालेली नव्हती. पक्षानें उमेदवारी दिली आणि मतदारांनीं सत्ताविसाव्या वर्षीं निवडून दिलें.

लग्न झालें तें पुढें, जुलै १९६५ मध्यें. यजमान देवीसिंह शेखावत हे अमरावतीचे, व्यवसायानें रसायनशास्त्राचे अध्यापक. म्हणजे सासरीं आली ती आमदार सून. एकत्र कुटुंबांत नांदणाऱ्या आमच्या भगिनींस ह्या एका वाक्यांत काय काय भरलें आहे, हें समजावून सांगण्याची जरुरी नाहीं. सासर वऱ्हाडांत, मतदारसंघ तापीकांठीं, सभागृह मुंबईस, आणि पदरीं दोन मुलें! ह्या तिन्ही ठिकाणांचा मेळ त्यांनीं वीस वर्षें घातला. यजमानहि पुढें आमदार व अमरावतीचे पहिले महापौर झाले. पण ते पत्नीच्या मागून राजकारणांत आले, पुढें नव्हे. आमच्या समाजांत हा क्रम इतका दुर्मिळ आहे कीं तो नोंदून ठेवला पाहिजे.

१९६७ सालीं प्रतिभाताईंनीं मतदारसंघ बदलला व त्या एदलाबादहून उभ्या राहिल्या. हें एदलाबाद म्हणजे आजचें मुक्ताईनगर. १९६७, १९७२, १९७८ आणि १९८० अशा चार वेळां ह्या भागानें त्यांना ओळीनें निवडून दिलें. जळगांवची पहिली धरून माहेरच्या पांच निवडणुका झाल्या. पुढें १९९१ सालीं त्या अमरावतीहून लोकसभेवर गेल्या. तेव्हां माहेरानें पांचदां आणि सासरानें एकदां, असा हा हिशेब आहे. निवडणुकींत पराभव म्हणून त्यांना ठाऊक नाहीं.

वसंतराव नाईक यांच्या मंत्रिमंडळांत १९६७ सालीं त्या उपमंत्री झाल्या व १९७२ सालीं कॅबिनेट मंत्री. त्यांच्याकडे आलेलीं खातीं पहावींत. सार्वजनिक आरोग्य, दारूबंदी, पर्यटन, गृहनिर्माण, समाजकल्याण, पुनर्वसन, सांस्कृतिक कार्य, शिक्षण, पुढें नगरविकास आणि नागरी पुरवठा. यादी लांबलचक आहे. परंतु गृह, महसूल आणि अर्थ हीं खातीं तींत नाहींत. घरांत जशी दुखणीबाणी, मुलांचा अभ्यास आणि कोठीघर बाईकडे, आणि जमीनजुमला व तिजोरी बुवांकडे, तशीच ही वांटणी झाली. हा दोष एकट्या महाराष्ट्राचा मानूं नये. इंग्लंडांत मार्गारेट बाँडफील्ड १९२९ सालीं पहिल्या स्त्री-मंत्री झाल्या त्या मजूर खात्याच्या. मार्गारेट थॅचर १९७० सालीं मंत्रिमंडळांत आल्या त्या शिक्षण खात्यावर. इंग्लंडास पहिली स्त्री-गृहमंत्री मिळावयास २००७ साल उजाडलें, आणि पहिली स्त्री-अर्थमंत्री तर २०२४ सालीं मिळाली. ह्या बाबतींत साहेबाचें घर आणि आपलें घर ह्यांत फारसा फरक दिसत नाहीं.

थॅचरबाईंचें नांव निघालेंच आहे, तर त्यांच्याशीं थोडी तुलना करण्याचा मोह आम्हांस आवरत नाहीं. दोघीहि लहान गांवच्या, दोघीहि कायदा शिकलेल्या. थॅचरबाई ग्रँथमच्या एका वाण्याच्या कन्या; वडील गांवच्या कारभारांत पडलेले व पुढें नगराध्यक्ष झालेले. १९५९ सालीं फिंचलीहून त्या कॉमन्स सभेंत गेल्या, म्हणजे प्रतिभाताईंच्या तीनच वर्षें आधीं. त्यांना जुळीं मुलें होतीं, आणि उमेदवार निवडणाऱ्या मंडळींनीं त्यांना मुलांना कोण सांभाळील, असें पुनःपुन्हां विचारलें. हा प्रश्न पुरुष उमेदवारास तेथेंहि कोणी विचारीत नसे! तर अशा ह्या दोघी निरनिराळ्या देशांत वीस वर्षें सारख्याच चालीनें पुढें सरकत होत्या. मग आलें १९७९ साल. त्या वर्षाच्या मे महिन्यांत थॅचरबाई विरोधी पक्षनेत्याच्या जागेवरून उठून इंग्लंडच्या पंतप्रधान झाल्या. आणि जुलै महिन्यांत मुंबईस प्रतिभाताई विधानसभेंतील विरोधी पक्षनेत्या झाल्या.

त्या वेळीं महाराष्ट्रांत शरद पवार यांचें पुरोगामी लोकशाही दलाचें सरकार होतें. काँग्रेसमध्यें फूट पडलेली. प्रतिभाताई इंदिराबाईंच्या बाजूस राहिलेल्या. पक्षाचे वाईट दिवस होते व पुष्कळ मोठीं माणसें दुसरीकडे गेलीं होतीं. अशा वेळीं सभागृहांत सरकारला प्रश्न विचारण्याचें, त्याच्या चुका दाखविण्याचें, आपल्या माणसांना धरून ठेवण्याचें काम त्यांच्याकडे आलें. फेब्रुवारी १९८० मध्यें तें सरकार बरखास्त झालें. निवडणुका झाल्या, पक्ष बहुमतानें आला. संसदीय राज्यपद्धतींत विरोधी पक्षनेता म्हणजे उद्यांचा मुख्यमंत्री, असा सामान्य संकेत आहे. प्रतिभाताईंचें नांव त्या वेळीं बोललेंहि जात होतें. निवड झाली ती बॅरिस्टर अंतुले यांची.

येथें आमचें मत स्पष्ट सांगितलें पाहिजे. ही संधि हुकली, ती एकट्या प्रतिभाताईंची हुकली नाहीं. सुचेता कृपलानी १९६३ सालींच उत्तर प्रदेशाच्या मुख्यमंत्री झाल्या होत्या. ओरिसांत नंदिनी सत्पथी झाल्या, गोव्यांत शशिकलाताई झाल्या. सावित्रीबाई, पंडिता रमाबाई, रमाबाई रानडे यांचीं नांवें अभिमानानें घेणाऱ्या महाराष्ट्रास मात्र आजपावेतों एकहि स्त्री-मुख्यमंत्री लाभलेली नाहीं. १९८० सालीं ती एका पायरीवर येऊन ठेपली होती. कारण काय? थॅचरबाईंनीं १९७५ च्या फेब्रुवारींत आपल्याच पक्षाच्या नेत्याविरुद्ध, हीथसाहेबांविरुद्ध, उघड निवडणूक लढविली व जिंकली. प्रतिभाताईंनीं पक्षांत कोणाशीं चुरस केली नाहीं; पक्षश्रेष्ठी देतील तें काम घ्यावें, न देतील तें मागूं नये, ही त्यांची रीत. जुन्या एकत्र कुटुंबांतली थोरली सून अशीच वागे. किल्ल्या मागून घेणें तिला शोभत नसे. पण न मागतां मिळतीलच, अशीहि कोठें हमी नसे. ह्या स्वभावाला कोणी निष्ठा म्हणतील, कोणी संकोच म्हणतील. त्या काळच्या त्या पक्षांत उघड चुरशीस वाव तरी किती होता, हाहि विचार करावा लागतो. दिल्लीचा शब्द शेवटचा, हा नियम पुरुषांसहि लागू होता.

१९८२ सालीं त्या पुन्हां मंत्रिमंडळांत आल्या, आणि १९८५ सालीं राज्यसभेवर गेल्या. तेथें नोव्हेंबर १९८६ पासून दोन वर्षें त्या उपसभापति होत्या. १९८७ च्या जुलैंत व्यंकटरामन् हे उपराष्ट्रपतिपद सोडून राष्ट्रपति झाले, तेव्हां कांहीं आठवडे सभापतीचें कामहि त्यांनींच पाहिलें. पुढें प्रदेश काँग्रेसचें अध्यक्षपद, मग अमरावतीची लोकसभा. आणि १९९६ नंतर आठ वर्षें सार्वजनिक दृष्टीनें बहुतेक शांततेचीं.

नोव्हेंबर २००४ मध्यें त्या राजस्थानच्या राज्यपाल झाल्या. त्या राज्याच्या त्या पहिल्या स्त्री-राज्यपाल. गंमत अशी कीं त्या वेळीं तेथें मुख्यमंत्री वसुंधरा राजे आणि विधानसभेच्या अध्यक्ष सुमित्रा सिंह, म्हणजे राज्याचीं तिन्ही मोठीं पदें स्त्रियांकडे होतीं. पडदा आणि बालविवाह ह्यांसाठीं ज्या प्रांताचें नांव आपण घेतों, तेथें हें घडलें. तिघी स्त्रिया म्हणून एकमतानें वागल्या, असें मात्र नव्हे. धर्मांतरासंबंधींचें विधेयक विधानसभेनें २००६ सालीं संमत करून धाडलें, तें राज्यपालांनीं सहीविना परत केलें. स्त्रिया राजकारणांत आल्या म्हणजे मतभेद मिटतील, असें समजणाऱ्यांनीं हें उदाहरण लक्षांत ठेवावें. मतें जशीं पुरुषांस असतात तशींच तीं स्त्रियांसहि असतात.

२००७ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकींत त्यांच्यासमोर उपराष्ट्रपति भैरोंसिंह शेखावत उभे होते. म्हणजे प्रतिस्पर्ध्याचें आडनांव सासरचेंच! प्रतिभाताईंना ६,३८,११६ मूल्याचीं मतें मिळालीं, शेखावतांना ३,३१,३०६. विरोधी आघाडींत असूनहि शिवसेनेनें मराठी व्यक्ति म्हणून त्यांना पाठिंबा दिला. त्या वेळीं 'राष्ट्रपति' हा शब्द स्त्रीला कसा लावावा, यावर वर्तमानपत्रांतून बराच खल झाला. आमच्या संस्कृतज्ञ वाचकांस हा वाद विनोदी वाटला असेल. 'सेनापति', 'सभापति' ह्यांतला 'पति' म्हणजे स्वामी, पालन करणारा. त्याचा नवरेपणाशीं संबंध नाहीं. पण शब्द पुरुषांसाठीं घडविले गेले कीं स्त्री त्यांत बसूं लागतांच ते काचतात, हें खरें.

२५ जुलै २००७ रोजीं त्यांनीं शपथ घेतली. त्यांच्याआधीं डॉ. अब्दुल कलाम ह्यांच्यासारखा लोकप्रिय गृहस्थ त्या जागीं होता, आणि तुलना त्यांच्या नशिबीं पहिल्या दिवसापासून आली. घटनेप्रमाणें राष्ट्रपति मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानें वागतो, हें आपण शाळेंत शिकतों व लगेच विसरतों. तीसहून अधिक कैद्यांची फांशीची शिक्षा त्यांच्या काळांत जन्मठेपेंत बदलली गेली. त्यावर टीका झाली, पण तो निर्णय सरकारच्या सल्ल्यावरचा होता. परदेशदौऱ्यांचा खर्च दोनशें कोटींच्या वर गेल्याचें २०१२ सालीं छापून आलें. निवृत्तीनंतरच्या घरासाठीं पुण्यास खडकीजवळ दिलेल्या लष्करी जागेवरून वाद झाला, आणि ती जागा त्यांनीं सोडून दिली. ह्या टीकेंतला खर्चाविषयींचा भाग आम्हांस रास्त वाटतो. उलट, नोव्हेंबर २००९ मध्यें, पंचाहत्तरी जवळ आली असतां, पुण्याच्या लोहगांव तळावरून त्या वायुदलाच्या सुखोई विमानांतून आकाशांत गेल्या. त्या वयांत आमच्या घरच्या आजीबाईंना जिना चढतांना चार जण हात देतात!

आतां आमच्या जिल्ह्यापुरता जमाखर्च. गिरणेच्या कांठीं बांभोरीस त्यांच्या श्रमसाधना ट्रस्टचें अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून चालू आहे. मेहरूणच्या कित्येक घरांतलीं मुलें-मुली तेथून शिकून बाहेर पडलीं. नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठीं मुंबईस व दिल्लीस काढलेलीं वसतिगृहेंहि ह्याच संस्थेचीं. परगांवीं नोकरी लागलेल्या मुलीला 'रहाणार कोठें?' ह्या एका प्रश्नानें परत यावें लागतें, हें ज्यांना ठाऊक आहे, त्यांस ह्या वसतिगृहांची किंमत निराळी सांगावयास नको. हें जमेस. खर्चाच्या बाजूस जळगांवची प्रतिभा महिला सहकारी बँक. स्त्रियांनीं स्त्रियांसाठीं चालवावयाची म्हणून ती निघाली, आणि २००३ सालीं रिझर्व्ह बँकेनें तिचा परवाना रद्द केला. नातलगांस दिलेल्या कर्जांवरून राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकींत विरोधकांनीं आरोप केले, व त्यांच्या पक्षानें ते नाकारले. त्या वादांत आम्ही पडत नाहीं. मात्र दुधाचे, शिवणकामाचे पैसे सांठवून बाई बँकेंत ठेव ठेवते, ती व्याजासाठीं तितकीशी नव्हे, तर घरांत कोणाचा हात लागूं नये म्हणून. अशी बँक बंद पडते तेव्हां ठेवीबरोबर तो विश्वासहि जातो, आणि पुढची बँक काढणारीचें काम दुप्पट अवघड होतें.

जुलै २०१२ मध्यें प्रतिभाताई निवृत्त झाल्या व पुण्यास राहूं लागल्या. यजमान देवीसिंह यांचें फेब्रुवारी २०२३ मध्यें निधन झालें.

त्या राष्ट्रपति असतांना, ९ मार्च २०१० रोजीं, लोकसभा व विधानसभांत स्त्रियांस एकतृतीयांश जागा राखून ठेवणारें विधेयक राज्यसभेनें संमत केलें. प्रतिभाताई त्याच्या उघड पुरस्कर्त्या होत्या. परंतु लोकसभेंत तें पुढें सरकलें नाहीं, आणि त्यांच्या सहीसाठीं कधीं आलें नाहीं. २०२३ च्या सप्टेंबरांत तोच विचार १०६ व्या घटनादुरुस्तीच्या रूपानें मंजूर झाला, व त्यावर देशाच्या दुसऱ्या स्त्री-राष्ट्रपति द्रौपदी मुर्मू यांची सही झाली. प्रत्यक्ष जागा राखीव व्हावयाच्या त्या मात्र जनगणना व मतदारसंघांची नवी आंखणी झाल्यावर. ती आंखणी होईल तेव्हां जळगांव जिल्ह्यांतल्या कोणत्या जागा स्त्रियांच्या वांट्यास येतात, हें कळेलच. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं वीस-बावीस वर्षांची कायदा शिकणारी मुलगी असेल, त्यांस विचार करण्यास तोंपर्यंत पुरेसा अवधि आहे.